नळ घरात, गटार दारात

बेळगावातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. शहराची हद्द संपते, पण शहर काही संपत नाही. भाताच्या शेतात सिमेंटचे दगड रोवलेले दिसतात आणि कडेला पाटी दिसते : शहराच्या सोयी, खेड्याची हवा. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी, सांबरा या गावांना आता खेडे म्हणावे की उपनगर म्हणावे, हे सांगणे कठीण झाले आहे. मीही अशाच एका गावचा. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे ते एकट्या आमच्या गावापुरते नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘खेडे म्हणजे स्वर्ग आणि शहर म्हणजे नरक’ अशा थाटाचे लेख आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यातला हा लेख नव्हे. डोक्यावर घागर घेऊन दिवसातून चार वेळा विहिरीची वाट तुडवलेल्या आमच्या आजीला कोणी खेड्याचे सौंदर्य सांगायला गेले, तर ती त्याच्या हातात घागरच देईल! आज घरात नळ आहे, गॅस आहे, कोपऱ्यावर औषधाचे दुकान आहे, पैसे काढायचे यंत्र आहे. मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन म्हशीची धार काढू शकतो. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे बायकांना बसचे तिकीट पडत नाही. त्यामुळे ‘रोजचे भाडे परवडत नाही’ म्हणून मुलीला कॉलेजातून काढण्याचे कारण उरले नाही. या सोयी आल्या हे चांगलेच झाले. त्या जाव्यात असे म्हणणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

ही स्थिती केवळ बेळगावची नाही. आपल्या जनगणनेत एक वर्ग आहे. जिथे पाच हजारांहून अधिक वस्ती आहे, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर आहेत आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात, त्या गावाला ‘जनगणना शहर’ म्हणतात, मग तिथे ग्रामपंचायत का असेना. अशी शहरे २००१ साली देशात १३६२ होती, ती २०११ साली ३८९४ झाली. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजारांहून अधिक गावे जगण्याने शहर झाली आणि कागदावर खेडीच राहिली. धड इकडची ना धड तिकडची!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि नावे अशा दोन बाजू पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा या सोयींचाही एक ताळेबंद मांडून पाहू.

सोयी दोन प्रकारच्या असतात. एक, पैसे मोजून एकट्याला घेता येते ती. दुसरी, चार घरांनी एकत्र आल्याशिवाय होत नाही ती. मोटरसायकल, पाण्याची टाकी, कूपनलिका, इन्व्हर्टर, मुलांच्या शाळेची पिवळी गाडी या पहिल्या प्रकारच्या. गटार, रस्ता, बस, मैदान, वाचनालय, सरकारी शाळा या दुसऱ्या प्रकारच्या. आमच्या गावांत पहिल्या प्रकारच्या सोयी धो धो आल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या होत्या त्याही ओसरत चालल्या. माझे म्हणणे एवढेच आहे.

उदाहरण पाण्याचेच घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे प्रमाण धरले. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे घरामागे रोज २२० लिटर. दोनशे घरांची वसाहत असेल तर रोज ४४ हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर भरून उरेल इतके हे पाणी कोठे जाते? पूर्वी घागरीने आणलेले पाणी परसातल्या केळीच्या आळ्यात जिरत असे. आता परस नाही, आळे नाही आणि बहुतेक ठिकाणी पक्के गटारही नाही. ते पाणी दारासमोरून वाहते, ओढ्याला मिळते आणि ओढ्यातून खालच्या भातशेतात शिरते. नळ घरात आला आणि गटार दारात आले!

असे का होते? कोणी म्हणेल, पुढारी वाईट, अधिकारी वाईट. असतीलही. पण मला त्यामागे एक साधे गणित दिसते. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. त्यात तीस बाय चाळीसच्या साईट पाडायच्या आहेत. दोन्ही बाजूंना साईट ठेवून मधून तीस फुटी रस्ता काढला, तर एकरात २६ साईट बसतात. तोच रस्ता पंधरा फुटी केला, तर ३० बसतात. म्हणजे रस्ता अरुंद करण्याचे बक्षीस एकरी चार साईट! शिवाय मैदानाला व गटाराला जागा सोडली तर विकणाऱ्याचा आणखी तोटा. जो घेतो तोही दर विचारतो, पायाची दिशा विचारतो, वास्तुशास्त्र विचारतो. सांडपाणी कोठे जाणार हे किती जण विचारतात? सर्वांच्या वाट्याची जागा अशा रीतीने थोडी थोडी प्रत्येकाच्या कुंपणात जाते, आणि मग जुलैच्या पावसात सर्वांच्याच उंबऱ्यापर्यंत पाणी येते.

‘खेडे आणि शहर यांतले चांगले तेवढे एकत्र आणू’ हा विचार काही पाटी रंगवणाऱ्याने शोधलेला नाही. एबेनेझर हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९८ साली ‘उद्याननगरी’ची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. सहा हजार एकर जमीन. त्यातल्या एक हजार एकरांवर गाव, पाच हजारांवर शेती. वस्ती ३२ हजार. १९०३ साली लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ येथे तसे गाव वसवायला सुरुवातही झाली. आपल्याकडे डॉ. अब्दुल कलाम यांनी ‘पुरा’ या नावाने ग्रामीण भागाला शहरी सुविधा देण्याची कल्पना आग्रहाने मांडली. २०१६ साली केंद्र सरकारने ‘रूर्बन’ मोहीम सुरू केली. हॉवर्डच्या योजनेतले मर्म मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. त्याच्या गावातली जमीन सर्वांच्या वतीने एका मंडळाकडे राहायची होती. वस्ती वाढली की जमिनीचे मोल वाढते. ती वाढ गावाच्या तिजोरीत यावी आणि तिच्यातून गावाच्या सोयी व्हाव्यात, असा त्याचा हिशेब होता. आमच्याकडे मोल वाढले, पण ते गेले कोठे? थोडे शेतकऱ्याच्या हाती आले, ते मुलीच्या लग्नात आणि मुलाच्या गाडीत गेले. बरेचसे मधल्यामध्ये गेले. आणि गावाच्या तिजोरीत उरली घरपट्टी, तीही द्यायला आपण कुरकुरतो. साठ लाखांचे घर बांधणारा माणूस वर्षाच्या घरपट्टीसाठी सदस्याच्या ओळखी काढतो, ही आमच्याकडची रोजची गोष्ट आहे.

याहून मोठा तोटा वहीत दिसत नाही. तो असा की, ज्याने स्वतःची सोय विकत घेतली तो सर्वांच्या सोयीसाठी भांडेनासा होतो. घरोघरी मोटरसायकल नव्हती तेव्हा बस चुकली की मास्तर, वकील, दुकानदार सारेच ओरडायचे आणि त्या ओरडण्याला वजन होते. आज वजन असलेली माणसे स्वतःच्या गाडीवर निघून गेली. बसच्या थांब्यावर उरल्या भाजीची पाटी घेतलेल्या बायका, मुली आणि म्हातारे. त्यांचे कोण ऐकणार? शाळेचेही तेच. गावातल्या सरकारी मराठी शाळेत मी शिकलो. तेव्हा ग्रामपंचायत सदस्याचा मुलगा माझ्या बाकावर होता, म्हणून छप्पर गळू लागले की आठ दिवसांत कौले फिरायची. आज सदस्यांची मुले पिवळ्या गाडीतून जातात आणि शाळेचे छप्पर शाळेतल्या मुलांच्याच डोक्यावर गळते. विहिरीचेही तेच. घरोघरी कूपनलिका झाल्या आणि ज्या विहिरीत आम्ही गणपती विसर्जित करीत होतो तिच्यात आता प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगतात. कोणी वाईट वागले म्हणून हे झाले नाही. प्रत्येकाने आपापले घर नीट केले, एवढेच झाले.

यावर काहींचा तोडगा तयार असतो : ‘आमच्या गावाला पट्टण पंचायत करा, नाहीतर महानगरपालिकेत घ्या, म्हणजे सारे प्रश्न मिटतील.’ १९९२ च्या घटनादुरुस्तीनेच खेड्यातून शहरात बदलणाऱ्या भागासाठी वेगळ्या पंचायतीची तरतूद केली आहे. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरासाठी पाण्याचे प्रमाणही माणशी १३५ लिटर धरले जाते. मागणी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. कर वाढतो, रोजगार हमीचे काम खेड्यालाच मिळते, ते जाते, आणि मुख्य म्हणजे ग्रामसभा जाते. शिवाय पाटी बदलली म्हणून गटार आपोआप वाहू लागत नाही. महानगराच्या हद्दीतल्याही कितीतरी गल्ल्या पावसाळ्यात आपण पाहतोच की! जास्त पाणी आले आणि गटार नसले, तर दारातला ओढा मोठा होईल, इतकेच.

तेव्हा प्रश्न पंचायत कोणती हा नसून, एकत्र करावयाची कामे करायला आपण एकत्र येणार की नाही, हा आहे. आणि येथे एक अडचण उघडपणे सांगितली पाहिजे. नव्या वसाहतींत बैलहोंगल, गोकाक, सौंदत्ती भागांतून नोकरीनिमित्त आलेली कन्नड कुटुंबे राहतात. जुन्या गल्ल्यांत आम्ही मराठी माणसे. आम्ही त्यांना ‘लेआउटवाले’ म्हणतो, ते आम्हाला ‘गाववाले’ म्हणतात. ग्रामसभेची नोटीस कन्नडमध्ये येते, ती जुन्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. सभेत बोलणे मराठीत होते, ते लेआउटवाल्यांना पुरते कळत नाही. मग दोघेही घरी बसतात. आम्ही गटार म्हणतो, ते चरंडी म्हणतात. डास मात्र दोघांनाही सारखेच चावतात. भाषेचा प्रश्न मोठा आहे आणि माझ्या मायबोलीचा मला अभिमान आहे. ज्या शाळेचे छप्पर गळते ती मराठीच शाळा आहे, हे मी कसा विसरेन? परंतु तुंबलेल्या पाण्याला भाषा नसते.

येथेच आपले, म्हणजे या अंकाचे दोन्ही विभाग वाचू शकणाऱ्या तरुणांचे, काम सुरू होते. आपण घरी मराठी, बसमध्ये कन्नड आणि परीक्षेत इंग्रजी वापरतो. ही देणगी केवळ नोकरीच्या अर्जात लिहिण्यासाठी नाही. नोटीस आली की ती जुन्या गल्लीत मराठीत वाचून दाखवावी. सभेत काका-मामा काय बोलले ते शेजारच्या लेआउटमधल्या अण्णांना आणि अक्कांना कन्नडमध्ये सांगावे. एवढे काम कोणत्याही अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येते. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळाला आहे, म्हणजे आपण सारे ग्रामसभेचे सभासद आहोत. सहा महिन्यांतून एकदा तरी ती भरलीच पाहिजे असा कायदा आहे. तिथे उभे राहून तीनच प्रश्न विचारावेत : या वर्षी घरपट्टी किती जमली? त्यातून गटारावर किती खर्च झाला? आणि नव्या वसाहतीला मान्यता देताना सांडपाण्याची वाट कोठून ठरवली? जमाखर्च कसा वाचावा हे वाणिज्य शाखेत शिकवतात; तो कोणाचा वाचावा हे आपण ठरवायचे.

हे होणार नाही, गाव आता पूर्वीचे राहिले नाही, असे मोठी माणसे म्हणतात. मला तसे वाटत नाही. लक्ष्मीची यात्रा ठरली की याच गावात घरागणिक वर्गणी निघते, देवस्थानच्या पंचांपुढे पै-पैचा हिशेब वाचला जातो आणि मुंबई-पुण्याला गेलेला माणूसही रजा टाकून येतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी या गावांत गावकरी आपल्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवतात. मांडव घालण्यापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सारे गाव राबते. ज्यांना मांडव घालता येतो त्यांना गटार काढता येणार नाही काय? ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केली नाही. शहराच्या सोयी आपण घेतल्या, घ्याव्यातच. पण शहरापाशी नव्हते आणि आपल्यापाशी होते ते हेच, एका हाकेला गोळा होणारे गाव. तेवढे साईटसाठी विकू नये.