लोणचं औषध नाही, मीठ आहे

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर लोणच्याला भलतेच चांगले दिवस आले आहेत. ‘आजीचं प्रोबायोटिक’, ‘पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं टॉनिक’ असं काय काय फिरत असतं. रक्तदाबाचे रुग्ण मोबाईल पुढे करून विचारतात, "मग तुम्ही नको का म्हणता?"

स्पष्टच सांगतो. कैरीचं आपलं तेलामिठातलं लोणचं प्रोबायोटिक नाही. प्रोबायोटिक म्हणायला जिवंत जिवाणू पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला हवा. कोबी आंबवताना मीठ साधारण दोन-अडीच टक्के घालतात, त्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. आपल्या लोणच्यात मीठ सहज दहा-बारा टक्के असतं. त्यात कैरी मुळातच आंबट, शिवाय मोहरी, वर तेलाचा थर. हा सगळा खटाटोप जंतू वाढू नयेत म्हणूनच तर आहे! लोणचं ‘मुरतं’ म्हणजे मीठ-मसाला फोडीत शिरतो. इडलीच्या पिठासारखं ते आंबत नाही.

आता हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक लहान सपाट चमचा. पोह्याचा चमचाभर लोणचं (15 ग्रॅम धरू) खाल्लं की त्यातलं दीड ग्रॅम संपलं. दोन्ही वेळेला खाल्लं तर तीन. वरण, भाजी, पोळी, ताक यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. आणि हेच रुग्ण मला सांगतात, "डॉक्टर, मी वरून मीठ घेतच नाही."

‘आम्ही सैंधव घालतो’ ही पळवाटही नको. सैंधव म्हणजेसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

पान वाढताना लोणचं डावीकडे, चटणीच्या शेजारी, बोटभर वाढायची रीत आहे. ते भाजीच्या जागी आलं की त्रास सुरू होतो. इथे माझं भांडण आमच्या डॉक्टर मंडळींशीही आहे. ‘लोणचं-पापड बंद’ एवढं लिहून आपण मोकळे होतो. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर जिच्या वाट्याला भाजीची रिकामी कढई येते, तिने भाकरी कशाशी खायची? रुग्णासोबत आलेल्या नवऱ्याला आणि मुलांना मी सांगतो, तिचं लोणचं बंद करायचं असेल तर तिची भाजी आधी बाजूला काढून ठेवा.

बहुतेकांना लोणचं पूर्ण सोडायची गरजही नाही. फक्त ते मिठाच्या जागी वापरा, मिठाशिवाय आणखी एक म्हणून नको. काकडीच्या कोशिंबिरीत, दहीभातात, थालीपिठाच्या पिठात लहान चमचाभर खार कालवा आणि वेगळं मीठ अजिबात घालू नका. चव येते, फोडणीचे लाडही नकोत. उकडलेल्या मटकीवर तर खार फारच छान लागतो.

मात्र वर्षाच्या लोणच्यात मीठ कमी घालण्याचा प्रयोग करू नका, बुरशी येईल. कमी मिठाचंच हवं असेल तर कैरी किसून, चिमूटभर मीठ, गूळ, तिखट आणि कच्चा कांदा घालून तक्कू करा. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. मधुमेह असेल तर गूळ वगळा.

मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदय कमजोर असल्यामुळे अंगावर सूज असेल, तर मात्र खारसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. अशा रुग्णांनी दुकानात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठही परस्पर सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.