घर पाण्यात जाण्याआधी

वाचकहो, धरणात घर जाणे म्हणजे काय, हे कोयनाकाठच्या आणि उजनीच्या माणसांना वेगळे सांगायला नको. आज अशाच एका घराची हकीकत ऐका. घर विलायतेतले आहे, पण शेतकऱ्याचेच.

इंग्लंडच्या केंट परगण्यात चिडिंगस्टोन गावाजवळ ‘बे-लीफ’ नावाचे एक घर होते. त्याचा मधला भाग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, तर एका टोकाची माडी सोळाव्या शतकाच्या आरंभीची. सगळा सांगाडा ओक लाकडाचा. हे लाकूड ओले असतानाच घडवीत. एका तुळईला कुसू, दुसरीला भोक आणि आरपार लाकडी खुंटी, अशी जोडणी असे. लाकूड जागेवरच वाळे आणि सांधे आवळून बसत. भिंती आपल्या कुडासारख्याच : काठ्यांची विणकर आणि तिच्यावर माती, पेंढा व शेण यांचा गिलावा. आहे की नाही ओळखीची गोष्ट?

आता आत चला. मधोमध उंच दालन, थेट छपरापर्यंत मोकळे. जमिनीवर उघडी शेगडी पेटलेली. धुराडे नाहीच! धूर वर चढून छपरातून वाट काढी, म्हणून असल्या घरांचे वासे काजळीने काळे झालेले दिसतात. खिडक्यांना काच नव्हती, लाकडी गज आणि आतून झडपा. दालनाच्या एका अंगाला पेये व भाकरी-धान्य ठेवायच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला मालकाची खोली आणि तिच्यावर माडी. दोन्ही टोकांच्या माड्या पुढे झुकलेल्या, मधले दालन जरा आत, आणि सगळ्यांवर मिळून एकच कौलारू छप्पर. केंट-ससेक्सच्या सधन शेतकऱ्यांची ही ठरलेली बांधणी.

पुढे त्या खोऱ्यात बाऊ बीच जलाशय व्हायचे ठरले आणि घर पाण्याखाली जाणार होते. पण त्याला कुणी कुऱ्हाड लावली नाही. १९६८-६९ मध्ये ते सांधा सांधा सोडवून उतरवले आणि १९७२ पर्यंत ससेक्समधील सिंगलटन गावच्या वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालयात पुन्हा उभे केले. खुंट्यांवर बांधलेले घर म्हणूनच ते सुटले आणि जुळले. खिळ्यांनी ठोकलेले असते, तर लाकडाच्या ढलप्या झाल्या असत्या.

आपल्याकडे जुना वाडा पाडायचा झाला की सागवानी खांब-तुळया घाईघाईने मिळेल त्या भावात जातात, उरलेल्याचे सरपण होते. मंडळी, पाडण्याआधी एवढे करा : घराचा कच्चा नकाशा काढा. प्रत्येक लाकडावर खडूने नव्हे, खिळ्याने कोरून क्रमांक घाला आणि तोच नकाशात मांडा. आजोबांना विचारून कोणती खोली कशासाठी होती, ते वहीत लिहा. लाकूड उतरवायला जुना जाणता सुतार बोलवा. खुंटी कुठून ठोकली म्हणजे बाहेर येते, हे त्यालाच ठाऊक असते.

नवे घर जरूर बांधा. पण जुन्याच्या चार तुळया आणि एक चौकट त्यात जिरवा. नातवंडे त्या चौकटीतून आत-बाहेर करतील, आणि कधीतरी विचारतील, “हे नक्षीकाम कुणाचं?” तेव्हा सांगायला आपल्याजवळ काहीतरी असेल.