स्टाइनमेट्झच्या घरची माणसं

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने स्टाइनमेट्झचं नाव एकदा तरी पेपरात लिहिलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचा गाभा का तापतो, या प्रश्नाच्या उत्तरात हिस्टेरेसिस लॉस येतो आणि त्या सूत्रात फ्लक्स डेन्सिटीच्या डोक्यावर १.६ हा घातांक बसलेला असतो. तो आकडा त्याने मोजमापांच्या ढिगाऱ्यातून शोधला आणि १८९२ साली जगापुढे ठेवला. आम्ही तो पाठ केला, मार्क मिळवले, पुढे सरकलो. या माणसाच्या घरात कोण कोण होतं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला आज तेच सांगायचं आहे.

चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ १८६५मध्ये ब्रेस्लाउला जन्मला. ते शहर तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. जन्मापासून पाठीला कुबड, खुब्यात दोष, उंची जेमतेम चार फूट. वडिलांना आणि आजोबांनाही कुबड होतं. आई तान्हेपणीच गेली. विद्यापीठात तो समाजवादी चळवळीत शिरला, अटकेची वेळ आली तेव्हा झ्युरिकला निसटला आणि १८८९मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. तिथे त्याचं शरीर पाहूनच त्याला परत पाठवायला निघाले होते. बरोबरच्या मित्राने हमी घेतली म्हणून तो अमेरिकेत शिरू शकला.

त्या हमीची परतफेड त्याने कशी केली, हे प्रत्येक वीजवाल्याला ठाऊक आहे. एसी म्हणजे दर क्षणाला बदलणारा प्रवाह. त्याचा हिशोब करायचा तर कॅल्क्युलसच्या जंगलातून वाट काढावी लागे. स्टाइनमेट्झने प्रवाहाचं मूल्य आणि त्याचा फेज दोन्ही एकाच कॉम्प्लेक्स संख्येत बसवले आणि सगळं गणित साध्या बीजगणितावर आणून ठेवलं. १८९३च्या शिकागो परिषदेत त्याने हे मांडलं. आज आपला विद्यार्थी इम्पिडन्स काढताना ‘जे’ लिहितो, तो त्याचाच वारसा. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या कामासाठी तो स्केनेक्टडीला आला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला.

लग्न मात्र त्याने केलं नाही. आपल्या पाठीचं कुबड पुढच्या पिढीला जायला नको, हा त्याचा स्वतःशी केलेला निश्चय होता. तीन पिढ्या जे भोगलं ते चौथीला नको, असं ठरवणारा माणूस मला त्याच्या सगळ्या पेटंटांपेक्षा मोठा वाटतो. पण लेकराबाळांची ओढ काही निश्चयाने जात नाही. ती त्याला फार होती.

जोसेफ लेरॉय हेडन हा त्याचा प्रयोगशाळेतला तरुण सहायक. दोघं कामात बुडाले की दिवस-रात्रीचं भान नसे. १९०३मध्ये हेडनने कॉरिन रोस्टशी लग्न केलं आणि वेगळं बिऱ्हाड थाटलं. स्टाइनमेट्झ त्यांच्याकडे जेवायला जायचा, गप्पा मारायचा आणि आपल्या मोठ्या रिकाम्या घरी परतायचा. शेवटी त्याने विचारलं, तुम्ही दोघं माझ्याकडेच राहायला येता का?

या गोष्टीत मला सगळ्यात कौतुक वाटतं ते कॉरिनचं. नवं लग्न झालेली मुलगी. नवऱ्याच्या साहेबाच्या घरात कायमचं राहायला जायचं, आणि घर तरी कसं? आत प्रयोगशाळा, काचघरात निवडुंग आणि ऑर्किड, शिवाय मगरी आणि गिला मॉन्स्टर नावाचे विषारी सरडे पाळलेले. वर मालकाच्या तोंडात सतत सिगार. तिने आढेवेढे घेतले ते रास्तच होते. घर कसं चालवायचं ते सगळं तूच ठरव, असं त्याने कबूल केलं तेव्हा ती आली. ज्याच्या शब्दावर कंपनीचे थोर थोर इंजिनिअर काम थांबवत, तो घरात तिच्या शब्दात राहिला.

पुढे त्याने हेडनला रीतसर दत्तक घेतलं. आपल्याकडे दत्तक घ्यायचा तो वंश चालावा, नाव राहावं म्हणून. इथे नाव हेडनचंच राहिलं. एका अख्ख्या, कमावत्या, लग्न झालेल्या माणसाला मुलगा मानून स्टाइनमेट्झने सून मिळवली आणि यथावकाश तीन नातवंडं. या मुलांना गोष्टी सांगायच्या, प्रयोगशाळेतल्या करामती दाखवायच्या, यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. गावाने त्याला शिक्षण मंडळाचा अध्यक्ष केलं, ते कामही त्याने मनापासून केलं.

मोहॉक नदीकाठी त्याची एक उन्हाळी झोपडी होती. कॅनूत आडवी फळी टाकायची, तिच्यावर कागद पसरायचे आणि पाण्यातच गणितं सोडवायची, ही त्याची सुट्टी. १९२०मध्ये त्या झोपडीवर वीज पडली आणि आतला आरसा फुटला. दुसऱ्या कुणी काचा झाडून बाहेर टाकल्या असत्या. याने तुकडान् तुकडा वेचला, पुन्हा जागच्या जागी जुळवला आणि वीज काचेवरून कुठून कशी गेली याचा माग काढला. १९२२मध्ये त्याने प्रयोगशाळेत एक लाख वीस हजार व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली आणि वर्तमानपत्रांनी त्याला जादूगार ठरवलं. तारा आणि उपकरणं आकाशातल्या विजेपासून कशी वाचवायची, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

१९२३मध्ये तो हेडन कुटुंबाला घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या लांबच्या प्रवासाला गेला. हॉलिवुडमध्ये नट डग्लस फेअरबँक्सला भेटला. परतल्यावर थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबरला, त्याचं हृदय थांबलं. वय ५८. पश्चात मुलगा, सून आणि तीन नातवंडं असा परिवार होता.