बाळाचे मशीन कधी काढणार?

झरी-जामणी किंवा उमरखेडहून अपुऱ्या दिवसांचे बाळ यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आणले की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. शेतात कापूस वेचणीला आलेला असतो, घरी दुसरे मूल असते. घाई समजण्यासारखी आहे. पण मशीन दिवस मोजून काढत नाहीत.

अशा बाळाची फुप्फुसे श्वास सोडताना मिटतात. सीपॅप मशीन नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन ती उघडी ठेवते. डॉक्टर आधी ऑक्सिजन साध्या हवेइतका, म्हणजे २१ टक्क्यांच्या जवळ आणतात, मग दाब कमी करतात. छाती आत ओढली जात नसेल आणि श्वास मध्येच थांबत नसेल, तरच मशीन काढतात. काही बाळांना ते पुन्हा लावावे लागते. त्याने घाबरू नका. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनही दृष्टिपटलाला घातक ठरतो. म्हणून साधारण चौथ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी चुकवू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कांगारू पद्धत जन्मानंतर लगेच सुरू करण्याची शिफारस केली. सीपॅपवरील बाळालाही, डॉक्टरांना विचारून, आईने छातीशी घ्यावे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे सरकारी उपचार आणि वाहतूक मोफत आहेत. मजुरी मात्र बुडते. अनेक कुटुंबे तिथेच खचतात. अडचण डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून सुट्टी घेऊ नका.