दंतशर्करेची साक्ष

दातांवर साचून खड्यासारखा घट्ट झालेला मल म्हणजे दंतशर्करा. सुश्रुताचार्यांनी तिची गणना दंतरोगांत केली असून, दंतमुळास इजा न होऊ देता ती काढावी, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. आपण काढून टाकतो ती ही शर्करा प्रागैतिहासिक मानवाचे अभ्यासक मात्र प्राणपणाने जपतात. कारण ती साचत असताना अन्नातील पिष्टकण, धुराचे अंश, मुखातील जंतू आणि खाल्लेल्या पदार्थांचे डीएनए तिच्यात अडकतात व सहस्रावधी वर्षे टिकून राहतात.

उत्तर स्पेनमधील अस्तुरियास प्रांतातील एल सिद्रोन गुहेत १९९४ मध्ये निअँडरथल मानवांचे अवशेष सापडले. सुमारे ४९ हजार वर्षांपूर्वीच्या किमान १३ व्यक्ती तेथे ओळखल्या गेल्या आहेत. त्यांपैकी ५ जणांची दंतशर्करा कॅरन हार्डी व सहकाऱ्यांनी तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शिजवलेल्या वनस्पतींचे अंश आढळले, आणि एका व्यक्तीच्या दातांवर बिरंजासिफ व बाबुना यांच्याशी जुळणारी रासायनिक द्रव्येही मिळाली. या वनस्पती चवीला कडू आणि पोषणाच्या दृष्टीने बेताच्याच. याच गुहेतील एका व्यक्तीला कडू चव कळत असावी, असे जनुकीय तपासणीतून २००९ मध्येच दिसून आले होते. मग कडू कळूनही ते का खाल्ले? औषध म्हणून, असे संशोधकांनी सुचविले.

२०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लॉरा वेरिच व सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दाताशी गळू झालेल्या एका व्यक्तीच्या शर्करेत पॉप्लर वृक्षाचे आणि पेनिसिलियम बुरशीचे डीएनए आढळल्याचे त्यात म्हटले होते. पॉप्लरमध्ये सॅलिसिलिक आम्लाच्या वर्गातील वेदनाशामक द्रव्य असते. वेदनाशामक आणि प्रतिजैविक घेणारा आदिमानव वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकण्यास एवढे पुरेसे होते.

हे वाचून आपल्यापैकी कोणासही आनंद होणे स्वाभाविक आहे. ‘वनौषधी-चिकित्सेची परंपरा ५० हजार वर्षांची’ असे माहितीपत्रकावर छापण्याचा मोहही होईल. आमचे आग्रहाचे सांगणे असे की, तो मोह आवरावा.

लॉरा बक आणि ख्रिस स्ट्रिंगर यांनी २०१४ मध्ये एक साधी शंका उपस्थित केली. शिकारीवर जगणारे काही समाज मारलेल्या प्राण्याच्या जठरातील अर्धपचित वनस्पतीही खातात. तेव्हा या कडू वनस्पती त्या मार्गानेही मुखात आल्या असतील. पेनिसिलियम तर मातीत आणि शिळ्या अन्नावर आपोआप वाढते. शिवाय निअँडरथलांच्या पुढील दातांवरील ओरखडे दाखवितात की, ते वस्तू दातांत धरून कापीत असत, म्हणजे दात हा त्यांचा तिसरा हात होता. तेव्हा दातांवर मिळालेली प्रत्येक वस्तू गिळण्यासाठीच मुखात घेतली होती, असेही म्हणता येत नाही.

आपल्या परिभाषेत बोलायचे तर, दंतशर्करा द्रव्याची साक्ष देते, प्रयोजनाची नाही. मात्रा किती, प्रयोज्यांग कोणते, काल कोणता हे ती सांगत नाही. मुख्य म्हणजे उपशय झाला की नाही, हे ती सांगू शकत नाही. निदानपंचकात उपशयाला स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी सेवनाच्या पुराव्याला चिकित्सेचा पुरावा मानावे, हे शोभणारे नाही.

यात आपले हितही गुंतलेले आहे. २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात, बॉस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या वेळी आपण विचारले की, कल्प कोणता, शोधन-मारण झाले होते काय, मात्रा किती? हे प्रश्न रास्तच होते. परंतु प्रतिकूल वृत्ताची कठोर छाननी करायची आणि अनुकूल वृत्त डोळे मिटून स्वीकारायचे, असा दुहेरी न्याय चालू राहिला, तर उद्या आपल्या रास्त प्रश्नांनाही कोणी किंमत देणार नाही.

म्हणून औषधालयांच्या मालकांना आमची विनंती आहे की, अशी विधाने असलेली पत्रके दुकानात ठेवू नयेत आणि औषधाच्या वेष्टनावर द्रव्याच्या नावाबरोबर प्रयोज्यांगही छापलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. वैद्यबंधू-भगिनींनी रुग्णपत्रिकेत द्रव्य, प्रयोज्यांग, मात्रा, काल, अनुपान आणि उपशय-अनुपशय या सहाही गोष्टी लिहाव्यात. गुण आला नाही तर तेही लिहावे. एल सिद्रोनच्या त्या गळू झालेल्या माणसाला पॉप्लरने बरे वाटले काय, हे आता कोणासही कळणार नाही. आपल्या रुग्णाबाबत ते कळू शकते. फक्त आजच्या आज नोंद व्हायला हवी.