पाककृती परक्या, फळे आपली

दसऱ्यापासून नाताळापर्यंतचा काळ हा माळव्यात फळांचा काळ. सीताफळ सरत आले की पेरू सुरू होतो. आगर व शाजापूरकडची संत्री येऊ लागतात. बुऱ्हाणपूरची केळी तर बारा महिने असतात. ज्यांच्या बांधावर पेरूची चार झाडे आहेत त्यांना ठाऊक आहे की, चांगली फळे टोपलीत भरून बाजारात जातात, डागाळलेली आणि जास्त पिकलेली झाडाखालीच पडून राहतात. भाव पडला म्हणजे चांगली फळेही नेण्याचे भाडे सुटत नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घरोघर दिसू लागली आहे. येथे फ्रीगंजात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, आपल्या भगिनी, आणि आता पुष्कळ तरुण मुलेही, मोबाइलवर पाककृती पाहून घरीच फळांचे केक, पाव व बिस्किटे भाजू लागली आहेत. आम्हाला ही गोष्ट स्वागतार्ह वाटते. घरी भाजलेल्या पदार्थात काय घातले ते आपल्याला माहीत असते आणि खर्चही आपल्या हातात राहतो.

परंतु या नव्या हौशीत एक खोट शिरली आहे. पाककृतीत ब्लूबेरी लिहिली आहे म्हणून शहरातून महागडी डबी आणायची, सफरचंद लिहिले आहे म्हणून भर हंगामात दूरचे सफरचंद विकत घ्यायचे, आणि त्याच वेळी आपल्या झाडाखालचा पेरू गुरांपुढे टाकायचा, असे चालले आहे. हे काटकसरीचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पाककृतीने फळाच्या मागे चालावे, फळाने पाककृतीच्या मागे धावू नये. जी शेतात आहे ती वस्तू मूळ धरावी आणि जे लिहिलेले आहे ते तिच्या मापाने बेतावे.

भाजणे आपल्याला नवे नाही

कोणी म्हणेल, केक हा साहेबांचा पदार्थ, आपल्या चुलीचा नव्हे. हे खरे नाही. माळव्यात बाफले आधी उकळत्या पाण्यात शिजवून मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. ते भाजणेच आहे. कोकणात मोठे पिकलेले तवसे किसून, त्यात गूळ, खोबरे व तांदळाच्या कण्या किंवा रवा घालून धोंडस करतात. पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे, म्हणजे वरून व खालून सारखी आच. आजची विजेची भट्टी याहून वेगळे काय करते? गोव्यातील ख्रिस्ती घरांत रवा व ओले खोबरे यांचा बाथ पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे.

नाताळच्या केकची आपल्या देशातील कथाही अशीच आहे. केरळात तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांची बेकरी होती. १८८३ साली मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने त्यांना विलायतेहून आणलेला केक दाखवला आणि तसाच करून मागितला. बापूंनी साचा जवळच्या लोहाराकडून घडवून घेतला, आणि विलायती ब्रँडीच्या ठिकाणी काजूची बोंडे व कदळी केळी यांपासून काढलेली दारू वापरली, असे सांगितले जाते. नमुना परका, पण साचा व फळ गावचे. केक उत्तम झाला. भारतातला पहिला नाताळ केक म्हणून ज्याचे नाव घेतात तो स्वतःच एक बदललेली पाककृती होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

मापांचा घोटाळा

बदल करायचा तर मूळ नीट समजले पाहिजे. पुष्कळ केक बिघडतात ते हात वाईट म्हणून नव्हे, माप चुकले म्हणून. अमेरिकी पाककृतीतला 'कप' सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. आपला चहाचा कप त्याच्या जवळपास निम्मा. असा कपभर मैदा सुमारे १२५ ग्रॅम आणि कपभर साखर सुमारे २०० ग्रॅम भरते. लोण्याची एक 'स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम. मोठा चमचा १५ मिलिलिटर व लहान चमचा ५ मिलिलिटर धरावा. पण ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. अमेरिकेत ३५० अंश लिहितात ते फॅरनहाइट असतात, म्हणजे आपले सुमारे १७७ अंश सेल्सिअस. अंडे तेथील मोठे असते. आपल्या गावठी कोंबडीची अंडी लहान असली तर तिनांच्या जागी चार घ्यावीत. घरात एक लहानसा वजनकाटा असावा. एका केकच्या सामानाच्या नासाडीतून त्याच्या किमतीचा मोठा भाग भरून निघतो.

पीठ आपले कोणते?

बहुतेक पाककृती मैद्याच्या असतात. गिरणीतून दळून आणलेली कणीक मैद्यापेक्षा अधिक पाणी पिते. तिच्यातील कोंडा केकला जडही करतो. म्हणून कणीक वापरताना दोन-तीन चमचे दूध अधिक घालावे आणि मिश्रण दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे. सोडा व बेकिंग पावडर मात्र मुरल्यानंतर, भाजण्याच्या अगदी आधी मिसळावी.

आपल्याकडे पुष्कळ शेतकरी कठिया गहू लावतात; इंदूरच्या संशोधन केंद्राचा पुसा तेजस हा वाण त्यातलाच. हा दाणा कडक. त्याच्या पिठाचा मऊ केक होत नाही, पण रवा उत्तम होतो. तेव्हा कठियावाल्यांनी मैद्याच्या मागे न लागता गोव्याच्या बाथाची वाट धरावी. बारीक रवा दह्यात किंवा संत्र्याच्या रसात अर्धा तास भिजवून त्याचा केक भाजावा. घरचा गहूही वापरला जातो आणि पदार्थही खमंग होतो.

फळाचा स्वभाव ओळखावा

प्रत्येक फळाला आपला स्वभाव असतो. केळे जितके काळे तितके केकला चांगले, कारण ते गोड असते आणि साखर कमी लागते. पेरूच्या बिया दाताखाली येतात, म्हणून गर थोडा शिजवून चाळणीतून काढावा. तो दाट असल्याने पदार्थाला धरून ठेवतो. संत्र्याचा रस घातला तर दूध तितके कमी करावे. सालीचा नारिंगी भाग बारीक किसून घालावा, आतला पांढरा भाग कडू असतो, तो टाळावा. सीताफळ भाजण्याच्या भानगडीत पडू नये. तापवले की त्याचा गर कडवट होतो. ते तसेच खावे.

सुक्या फळांचेही तसेच. वसईकडे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, ती सुकेळी. पाककृतीत खजूर सांगितला असेल तेथे सुकेळी बारीक चिरून घातली तर चव कमी होत नाही. आता दुकानातल्या केकवरची रंगीत टुटीफ्रुटी पाहा. ती बहुतेक कच्च्या पपईचे तुकडे साखरेच्या पाकात घालून व रंग देऊन केलेली असते, आणि वरची लाल 'चेरी' ही पुष्कळदा पाकातले करवंद असते! म्हणजे आपणच पपई मातीमोल विकतो आणि तीच साखर व रंग लावून दामदुपटीने परत घेतो. कच्च्या पपईचे तुकडे उकळून, हलक्या पाकात मुरवून, सावलीत वाळवून घरी ठेवता येतात. रंगाची काही गरज नाही.

आरोग्याचा विचार

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. फळ घातले म्हणून केक पौष्टिक होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शेतात राबणारा यातून सुटला आहे असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, ठेवता आली तर अधिक चांगले. मध, गूळ व फळांचा रस हेही याच हिशेबात धरावेत. गूळ घातला म्हणून मधुमेह्याला चालते, ही समजूत चुकीची आहे.

परक्या पाककृतीत एका केकला २०० ग्रॅम साखर सहज असते. त्याचे दहा तुकडे केले तर प्रत्येकी २० ग्रॅम, म्हणजे एका तुकड्यातच दिवसभराची बहुतेक साखर संपली. पिकलेले फळ भरपूर घातले तर हीच साखर निम्म्याहून खाली आणता येते. वनस्पती तुपाऐवजी शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल वापरावे. खाद्यतेल व तूप यांतील घातक ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून सरकारने २ टक्क्यांवर आणली आहे, ही चांगली गोष्ट आहे. तरी सुटे व बेनामी वनस्पती तूप घेऊ नये.

एक साधी कृती

नवख्यांसाठी एक कृती देतो. सोललेली अतिपिकलेली केळी ३०० ग्रॅम कुस्करावीत. त्यात किसलेला गूळ ८० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, दही १०० मिलिलिटर व दोन अंडी फेटून घालावीत. चाळलेली कणीक २०० ग्रॅम व चिमूटभर मीठ मिसळून दहा मिनिटे ठेवावे. मग बेकिंग पावडर एक लहान चमचा व सोडा अर्धा लहान चमचा घालून हलक्या हाताने ढवळावे आणि तेल लावलेल्या भांड्यात ओतावे. भट्टीत १७५ अंशांवर सुमारे ४५ ते ५० मिनिटे लागतात. मध्यभागी सुरी खुपसून ती कोरडी निघाली की झाले. दहा तुकडे केले तर एका तुकड्यात गूळ ८ ग्रॅमच येतो. केळ्यांऐवजी पेरूचा गर घ्यायचा तर तो २०० ग्रॅम घ्यावा आणि दूध गरजेप्रमाणे घालावे.

भट्टी नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू पसरावी, वर तिवई ठेवावी, दहा मिनिटे तापू द्यावे आणि मग भांडे आत ठेवून घट्ट झाकावे. कुकर वापरणाऱ्यांनी शिट्टी व रबर दोन्ही आठवणीने काढून ठेवावीत; ती तशीच राहिली तर धोका आहे. आमचा सल्ला असा की, कुकर शिजवण्यासाठी राहू द्यावा, भाजण्यासाठी पातेलेच बरे.

जे बदलू नये

सर्वच बदलावे असे आमचे म्हणणे नाही. फळ बदला, साखर कमी करा, पीठ घरचे घ्या. पण सोडा अंदाजाने टाकू नका. तो अधिक झाला की साबणासारखी चव येते. सोड्याला फुलायला दही किंवा संत्र्याचा रस असे काही आंबट लागते. ते काढून टाकले तर केक बसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे काय कशाने बिघडले ते कळते. कच्चे मिश्रण मुलांना चाटायला देऊ नये, त्यात कच्ची अंडी व कच्चे पीठ असते. आणि कोणी हा पदार्थ विकायला काढणार असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी.

असो. शेवटी एकच सुचवावेसे वाटते. प्रत्येक घरात एक वही असावी. मोबाइलवरची कृती आज दिसते, उद्या सापडत नाही; शिवाय ती दुसऱ्याच्या गव्हाची व दुसऱ्याच्या फळाची असते. आपण कोणते फळ किती घातले, पीठ कोणत्या वाणाचे, साखर किती कमी केली, किती वेळ लागला, हे तारीख घालून लिहून ठेवावे. दोन-तीन हंगामांत ती आपल्या शेताची पाककृती होईल. ती वही शेजारणीला वाचायला द्यावी आणि तिची आपण मागून घ्यावी. येत्या नाताळात शेजारीपाजारी ताट पाठवताना त्यात निदान एक तरी जिन्नस आपल्या बांधावरच्या फळाचा असावा, एवढे या हंगामात जमले तरी पुष्कळ झाले.