तक्रार नसलेला रोग

बेंगळुरूच्या पूर्वेस महादेवपुऱ्यात संगणक कंपन्यांच्या काचेच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. त्या बांधणाऱ्या व झाडणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी उत्तर कर्नाटकातून, बंगाल-ओडिशातून पोटासाठी आलेल्या असून पत्र्याच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्यापैकी एखादी गरोदर राहिली, की सरकारी केंद्रात तिची लघवी तपासली जाते. पण मुख्यतः प्रथिने व साखर पाहण्यासाठी. जंतूंचा शोध घेतला जाईलच, याची शाश्वती नसते.

धोका नेमका येथेच आहे. गरोदरपणी मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब पडतो, लघवी तुंबते आणि जंतूंना मूत्रपिंडाकडे चढण्यास वाट मिळते. शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे २ ते १० जणींच्या लघवीत, कसलेही लक्षण नसताना, जंतू आढळतात. जळजळ नाही, ताप नाही. म्हणून तक्रारही नाही. उपचार न झाल्यास यांतील अनेकींच्या मूत्रपिंडाला दाह होतो आणि मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणी लघवीचे कल्चर करावे आणि जंतू आढळल्यास सात दिवस प्रतिजैविके द्यावीत, अशी शिफारस केली.

ज्ञान आहे, औषध आहे. मग अडते कोठे? कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. नमुना देण्यात एक मजुरी बुडते, निकाल आणण्यात दुसरी. भरपूर पाणी प्यावे, लघवी रोखू नये, असे डॉक्टर सांगतात. परंतु कामाच्या जागी जिला शौचालयच नाही, ती पाणी न पिताच दिवस काढते. आपल्या बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

महादेवपुरा २००७ साली बेंगळुरू महानगरपालिकेत गेला. २०२५ मध्ये तो नव्या पूर्व महानगरपालिकेत आला. फलक बदलले, गरज तीच राहिली. नावनोंदणीच्या दिवशीच प्रत्येक गरोदर स्त्रीचे कल्चर विनामूल्य झाले पाहिजे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचविणे व निकाल वस्तीवर कळविणे हे केंद्राचे काम असले पाहिजे. तपासणीच्या दिवसाची मजुरी कापली जाता कामा नये, आणि ठेकेदाराने कामाच्या जागी पाण्यासह शौचालय दिलेच पाहिजे.

जो रोग स्वतः बोलत नाही, त्याची तक्रार रोग्याने कशी करावी? त्याला शोधून काढण्याची जबाबदारी शासनाचीच आहे.